मोहिद्दीनभाईंनी निवडलेली खोली

मोहिद्दीनभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कांद्याच्या डोंगरावर बसले होते. डोंगर म्हणजे अगदी डोंगर. फुजैराच्या पाठीशी जे काळेकभिन्न खडक उभे आहेत, ते त्या कांद्यांपुढे मला टेकाडं वाटले. माणसाला हात दोन, पण फोन तीन. एका फोनवर ते मल्याळीत भांडत होते, दुसऱ्यावर अरबीत माफी मागत होते, आणि तिसरा खांद्यावर पडून या दोघांचं काय ठरतंय ते ऐकत होता. मी त्याच सकाळी दुबईहून बदली होऊन आलेला, एका शिपिंग एजंटच्या ऑफिसातला नवा माणूस. बंदराच्या गेटबाहेर उभा राहून मी बायकोला फोनवर एवढंच म्हणालो, "प्रमिला, पोचलो गं. आता जेवायचं बघतो कुठेतरी."

कांद्याचा डोंगर हलला. मग कोसळला. त्यातून एक बुटके, गोल, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ घरंगळत माझ्या पायाशी आले आणि उठता उठता म्हणाले, "मराठी? चला."

"कुठे?"

"जेवायला."

"नाही हो, मी हॉटेलात..."

"हॉटेलात?" त्यांनी असा चेहरा केला की मी जणू पोलीस कोठडीत जेवतो म्हणालो होतो. "आपला माणूस फुजैरात येऊन हॉटेलात जेवला हे बाणकोटला कळलं, तर मला तिथे कबरीपुरती तरी जागा देतील काय? यल्ला, बसा गाडीत."

गाडीत अंड्यांच्या एवढ्या क्रेट होत्या की मी बसलो नाही, रचला गेलो. पहिल्या सिग्नलला त्यांना माझं नाव, गाव, पगार आणि रक्तदाब कळला होता. दुसऱ्या सिग्नलला त्यांनी माझ्यासाठी फ्लॅट बघून ठेवला होता. तिसरा सिग्नल फुजैरात तेव्हा नव्हता, म्हणून मी वाचलो.

त्या दुपारी मी तांदळाच्या भाकऱ्या किती खाल्ल्या ते सांगत नाही, कारण हे प्रमिला वाचणार आहे. सुरमई मात्र आली तेव्हा अख्खी होती आणि मी उठलो तेव्हा तिची नुसती आठवण उरली होती. ताटातलं काही संपलं की स्वयंपाकघराच्या अर्ध्या उघड्या दारातून एक हात यायचा, वाढायचा आणि परत जायचा. पडदाबिडदा काही नव्हता. त्या हाताच्या मालकिणीला बाहेर यायला वेळ नव्हता, इतकंच. पहिलं वर्षभर मी जहांआराभाभींना हातावरूनच ओळखत होतो. चेहरा पाहिला तो त्यांच्या मुलीच्या, झाराच्या, शाळेच्या कार्यक्रमात. तिथे त्या चक्क खुर्चीवर बसल्या होत्या.

मोहिद्दीनभाईंचा धंदा जहाजांना किराणा पोचवायचा. फुजैराच्या समुद्रात तेल भरून घ्यायला जगभरची जहाजं नांगर टाकून उभी असतात. त्यांना कांदे, अंडी, तांदूळ, साबण, दोरखंड, रविवारच्या केकची पावडर, जे लागेल ते लाँचमधून नेऊन द्यायचं. कंपनी दुसऱ्याची, पण जहाजं ह्यांना कंपनीच्या नावाने नाही, 'मोहिद्दीन' म्हणूनच हाका मारायची. आणि त्यांचा सगळा धंदा एका सिद्धांतावर उभा होता: कॅप्टनला विचारायचं नाही, कुकला विचारायचं.

"कॅप्टन काय म्हणतो? एव्हरीथिंग गुड," ते सांगायचे. "आणि कुक हळूच म्हणतो, पीठ खलास, आणि कॅप्टनचं डोकंपण खलास. दत्ताभाऊ, ज्याला पातेल्यातलं माहीत, त्याला जहाजातलं माहीत."

ह्या सिद्धांतावर त्यांनी तीस वर्षं जहाजं जेवायला घातली. आणि ह्याच सिद्धांतावर आपल्या बायकोची एकुलती एक सुट्टी बुडवली. ती हकीकत मी आता सांगतो.

त्यांच्या फ्लॅटला दोन बेडरूम होत्या. एक मोहिद्दीनभाईंची आणि दुसरी बाणकोट खाडीच्या दोन्ही काठांची. व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधायला आलेलं पोर असो, नोकरी गेलेला ड्रायव्हर असो, बायकोशी भांडून आलेला सुतार असो, विमानतळावरून सरळ ह्यांच्याकडे. गावातल्या हव्वाबी नावाच्या म्हातारीचा जावई अजीज पंधरा दिवसांसाठी आला होता. त्याला तिथे राहून दोन रमजान झाले होते. प्रत्येक जण सकाळी उठून स्वयंपाकघराकडे तोंड करून एकच वाक्य म्हणायचा, "भाभी, चाय." हे वाक्य भाभींनी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब करायला मी बसलो होतो, पण मध्येच चहा आला.

भाभींनी कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. मोहिद्दीनभाई अभिमानाने म्हणायचे, "जहांआराला माणसं आवडतात."  भाभींच्या हातात पीठ असायचं.

मग एका हिवाळ्यात कंपनी विकली गेली. नव्या मालकाने साठी उलटलेल्यांची यादी केली आणि तिच्यात पहिलं नाव यांचं निघालं. सप्टेंबरात व्हिसा संपणार, पुढे वाढणार नाही. मोहिद्दीनभाईंनी ही बातमी आम्हाला दाराशीच सांगितली, आणि सांगताना इतके हसले की प्रमिलाने माझा हात धरला.

रात्री जेवताना ते उदार झाले. "झाराची अम्मी, आता गावीच जायचंय. त्याआधी बोल, काय पाहिजे तुला? सोनं बोल. बांगड्या बोल."

भाभी रोटी भाजत होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "आठ दिवस."

"काय आठ दिवस?"

"आठ दिवस कुठेतरी जाऊ. जिथे आपल्या ओळखीचं कोणी नसेल. आणि सकाळचा चहा दुसऱ्या कोणीतरी करेल."

जेवणाऱ्यांचे हात थांबले. अजीजचा घास तोंडाशी राहिला. मोहिद्दीनभाई तिच्याकडे असे बघत होते की तिने चंद्रावर प्लॉट मागितलाय.

"बस्स? एवढंच?"

"एवढंच. गावी गेल्यावर परत तेच आहे, झाराचे पप्पा. मला माहीत आहे."

घरी परतताना गाडीत प्रमिला म्हणाली, "होणार नाही रे हे." मी म्हणालो, का नाही, तिकीट काढायचं आणि जायचं. ती म्हणाली, "तिकिटाचं नाही म्हणत मी. त्यांचं म्हणतेय."

पहिली अडचण भूगोलाची होती. मोहिद्दीनभाईंच्या ओळखीचं कोणी नाही अशी जागा पृथ्वीवर शोधायची होती. झारा रास अल खैमाला सिरॅमिकच्या कंपनीत अकाउंट्स बघते. ती फोनवरून नावं सुचवायची आणि मोहिद्दीनभाई खोडायचे. सलाला? तिथे मावसभाऊ. इस्तंबूल? तिथे म्हसळ्याच्या पोराचं रेस्टॉरंट. बाकू? अजीजचा मित्र टॅक्सी चालवतो. क्वालालंपूर? "अर्धी रत्नागिरी तिथे आहे!" मोठ्या आनंदाने ते म्हणाले, आणि भाभींचा चेहरा बघून गप्प झाले.

शेवटी जोग्जा निघालं. जावा बेटावरचं योग्यकर्ता, तिथले लोक त्याला जोग्जा म्हणतात. हे नाव त्यांना एका टँकरवरच्या, मूळच्या तिथल्याच कुकने दिलं होतं, पाक वार्तो त्याचं नाव; 'पाक' म्हणजे तिकडचं 'काका'. तिथले लोक हळू बोलतात, भाजीतही साखर घालतात, कोणी कोणाला घाई करत नाही. शिवाय सगळं हलाल, खाण्याची चिंता नाही.

"म्हणजे तिथेही ओळख आहेच की," भाभी म्हणाल्या.

"अगं, तो जहाजावर असतो! घरी कुठे असतो तो? जहाज आत्ता सिंगापूरला आहे, मी बघितलं." भाभींचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी फोनवर नकाशा काढून जहाजाचा ठिपकाच दाखवला.

मग रमजान लागला आणि रोज इफ्तारनंतर राहण्याची जागा निवडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. झारा हॉटेलांच्या लिंक पाठवायची. कुणाला पोहण्याचा तलाव, कुणाला चार तारे, कुणाच्या गच्चीवरून ज्वालामुखी. मोहिद्दीनभाई एकही फोटो बघायचे नाहीत. ते थेट फोन लावायचे आणि जहाजावरच्या कुकांकडून उचललेल्या मलायी भाषेत, तिला हिंदीची फोडणी देऊन, विचारायचे, "कुक को दो. मासाक, मासाक! जो पकाता है उसको दो."

पहिलं हॉटेल मोठ्या बाजारपेठेच्या रस्त्यावर. तिथे बरेच दरवाजे ओलांडून फोन एका एक्झिक्युटिव्ह शेफकडे पोचला. दोन वाक्यांत मोहिद्दीनभाईंनी फोन ठेवला. "नाही. टोपी बोलत होती."

"म्हणजे?" मी विचारलं.

"हा माणूस पातेल्याजवळ जात नाही, दत्ताभाऊ. हा कॅप्टन आहे."

दुसरं हॉटेल मला पसंत होतं. शहराच्या मध्यावर, स्वच्छ, नाश्त्याला साठ पदार्थांचा बुफे. किंमत एका रात्रीची तीनशे दिरहॅम, "म्हणजे सात हजार रुपये," अजीजने कोणी न विचारता रुपये करून दिले. मोहिद्दीनभाई म्हणाले, "बुफे म्हणजे काय? स्वतः उठायचं, स्वतः वाढून घ्यायचं. मग जहांआराला सुट्टी कसली?"

"पप्पा, इट्स अ बुफे. एव्हरीबडी लव्ह्ज अ बुफे," झारा स्पीकरवरून म्हणाली.

"तुझी अम्मी एव्हरीबडी नाही."

हे ते इतक्या प्रेमाने म्हणाले की माझ्याने वाद घालवेना. भाभी दारात उभ्या होत्या. "बुफे चालेल मला," त्या म्हणाल्या. कोणी ऐकलं नाही. तोवर पुढचा फोन लागला होता.

ती तिसरी जागा. कोटागेडे नावाच्या जुन्या वस्तीत, चांदीकाम करणाऱ्यांच्या गल्लीत, एका म्हाताऱ्या बाईंचं घर. अंगण, चार खोल्या पाहुण्यांना. फोन उचलला तोच कुकने. बू याती म्हणून बाई होती; 'बू' म्हणजे तिकडचं 'बाई'. मागे कढईत काहीतरी चरचरत होतं. मोहिद्दीनभाईंचे डोळे चमकले. त्यांनी तिला फोन कढईजवळ धरायला लावला.  ते डोळे मिटून ऐकत होते, जसं डॉक्टर छाती ऐकतो.

"तेल बरोबर तापलंय," ते म्हणाले. "कांदा उशिरा टाकला तिने, पण टाकला बरोबर. हीच जागा."

मी म्हणालो, "अहो, जरा रिव्ह्यू तरी बघा. कोणीतरी लिहिलंय की बाथरूम बाहेर आहे."

"रिव्ह्यू पोट भरलेला माणूस लिहितो. त्याला आठवायला बाथरूमच उरतं."

खोली ठरली. सकाळी बू याती चहा करणार, अंथरुणाजवळ आणून देणार, तिन्ही वेळचं तीच रांधणार, हे तिच्याकडून त्यांनी चार वेळा वदवून घेतलं. भाभी त्या रात्री पहिल्यांदा आमच्याबरोबर बाहेर येऊन बसल्या. प्रमिलाला म्हणाल्या, "ह्या वेळी मसाला नाही नेणार मी. बॅगेत एक पुडी नाही." गावी जाताना-येताना त्यांच्या बॅगेत अर्ध्या वजनाचा मसाला असतो, हे सगळ्यांना माहीत. हे सांगताना त्या लाजल्या, जशी एखादी चोरी सांगावी.

तारखा अर्थातच ईदच्या होत्या. यूएईत राहणारा माणूस दुसऱ्या कुठल्या तारखा काढणार? सुट्टी तेव्हाच सलग मिळते, जो तो तेव्हाच उडतो. जोग्जाच्या त्या घरमालकिणीच्या मुलाने एक मेसेजही पाठवला होता: सर, ह्या तारखांना आमची ईद आहे, चालेल ना? मोहिद्दीनभाईंनी तो मला वाचून दाखवला आणि खो खो हसले. "चालेल ना म्हणतो! अरे, ईदच्या दिवशी मुसलमानाच्या घरी पाहुणा कधी उपाशी राहिलाय? उलट चांगलं!" आणि उत्तर पाठवलं: नो प्रॉब्लेम, वी ऑल्सो मुस्लिम.

मलाही ते बरोबरच वाटलं. फुजैरात ईद म्हणजे काय? नमाज झाला की सगळे एकटे पुरुष मोहिद्दीनभाईंच्या घरी. गाव समुद्रापलीकडे, कोणी कुठे जात नाही, जो आहे तो इथेच आहे. तीस ईदा त्यांनी अशाच पाहिल्या होत्या. ईदला लोक आपापल्या गावी जातात, ही साधी गोष्ट ते विसरून गेले होते.

रमजानच्या एकोणतिसाव्या दिवशी ते निघाले. फ्लॅटची किल्ली अजीजकडे. भाभींनी त्याला फ्रिजमध्ये काय काय ठेवलंय ते सांगितलं, आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "बघ आता तुझं तू." ते वाक्य त्यांना इतकं आवडलं की जिना उतरताना त्या एकदा परत म्हणाल्या.

पुढचं मला कळलं ते थोडं मोहिद्दीनभाईंच्या व्हॉइस मेसेजवरून आणि बरंचसं नंतर भाभींकडून, आमच्या घरी, प्रमिलाशी बोलताना. त्या दोन हकीकती एकाच सहलीच्या आहेत हे मानायला मला वेळ लागला.

मोहिद्दीनभाईंचा पहिला मेसेज: "माशाल्ला, काय लोक आहेत, दत्ताभाऊ! घर भरलेलं आहे!"

घर खरंच भरलेलं होतं. घरमालकीण बू रेत्नो, सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या. त्यांची मुलं, सुना, नातवंडं ईदसाठी जाकार्ताहून घरी आलेली. पाहुण्यांच्या चारांतल्या तीन खोल्यांत त्यांचीच माणसं. आणि स्वयंपाकघरात बू याती नव्हती. बू याती गावी गेली होती. तिचं गाव डोंगरात, सहा तासांवर. तिलाही मुलं होती, आई होती. सबंध जावा त्या आठवड्यात आपापल्या गावी जात होतं, रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा होत्या, गल्लीतल्या खाणावळींना कुलपं होती. बू रेत्नोंनी हात जोडून सांगितलं की याती आठवड्याने येईल. तुम्ही मुसलमान आहात, तुम्हाला माहीतच असेल, असं त्यांचा मुलगा म्हणाला.

दुसऱ्या पहाटे भाभींना सवयीने जाग आली. चहा येईल म्हणून त्या पडून राहिल्या. ("मी डोळे मिटून घेतले, प्रमिला. म्हटलं, आवाज येईल कपाचा.") आवाज आला तो भांडं पडल्याचा. त्या उठून गेल्या. म्हातारी एकटी मोठं पातेलं चुलीवरून उतरवायला बघत होती आणि ते तिला पेलत नव्हतं. सुना लेकरांना आंघोळी घालत होत्या.

"मग?" प्रमिलाने विचारलं.

"मग काय. घेतलं तिच्या हातातून."

तिथून पुढे ते पातेलं भाभींकडेच राहिलं. त्यांच्या भाषेतला एक शब्द भाभींना येत नव्हता, पण किती माणसांना किती तांदूळ हे सगळ्या भाषांत सारखंच असतं. मसाला नव्हता, म्हणून तिथल्याच मुळ्या-पानांचे वास घेऊन घेऊन त्यांनी वाटण केलं. घरातले लोक जेवले आणि खूश झाले. हेच वाईट झालं.

मोहिद्दीनभाईंचा दुसरा मेसेज: "जहांआराने काय नाव काढलंय इथे! गल्लीतले लोक बघायला आले!" मागे पोरांचा गलका आणि टाळ्या. ते व्हरांड्यात बसून कांद्यांच्या आणि जहाजांच्या गोष्टी सांगत होते. अर्ध्या कोणाला कळत नव्हत्या आणि सगळे हसत होते. इतके सुखी मी त्यांना त्या वर्षात ऐकले नव्हते.

तिसऱ्या दिवशी ते मशिदीतून परतताना एक पाहुणा घेऊन आले. मंगलोरचा कोणी इंजिनीअर, फिरायला आलेला, खाणावळी बंद म्हणून दोन दिवस बिस्किटांवर. "आपला माणूस आहे, झाराची अम्मी! हॉटेलात राहतोय बिचारा!" भाभींनी ताट वाढलं. इंजिनीअर दुसऱ्या दिवशी आपल्या दोन मित्रांना घेऊन आला.

चौथ्या दिवशी बोरोबुदूर बघायला निघाले. ते मोठं जुनं बुद्धमंदिर. त्याचा फोटो झाराने अम्मीच्या फोनवर लावून दिला होता. गाड्यांच्या रांगेत इतका वेळ गेला की अर्ध्या रस्त्यातून परतले, कारण संध्याकाळचं जेवण करायचं होतं.

मोहिद्दीनभाईंना काही कळत नव्हतं असं नाही. पाचव्या रात्री त्यांनी झाराला फोन केला, आणि आवाज अगदी खाली होता. "बेटा, ते बुफेवालं हॉटेल बघ जरा. दोन रात्री तरी." झाराने धडपडून एक खोली मिळवली. ईदचा भाव, तिप्पट. एका रात्रीचे नऊशे दिरहॅम, म्हणजे बावीस हजार रुपये, झाराने ते आपल्या पगारातून भरले आणि मेसेज टाकला, "अम्मी, जस्ट गो. डोन्ट थिंक. प्लीज."

सहाव्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. मोहिद्दीनभाईंनी बॅग उचलून ठेवली. भाभींनी चांगली साडी नेसली होती. बू रेत्नो दाराशी आल्या, त्यांनी भाभींचे दोन्ही हात धरले आणि हसून, मान हलवून, जा जा म्हणाल्या. काही मागितलं नाही. मग त्या वळल्या आणि स्वयंपाकघराकडे चालायला लागल्या, कमरेवर एक हात ठेवून. आत चूल पेटवलेली नव्हती. व्हरांड्यात नातवंडं रिकाम्या ताटल्या घेऊन बसलेली. आणि इंजिनीअर मित्रांसह गल्लीच्या तोंडाशी दिसत होता.

"तुम्ही टॅक्सीत बसायचं होतं सरळ!" प्रमिला ओरडलीच.

"बसणार होते," भाभी म्हणाल्या. "पण मी ह्यांच्याकडे बघितलं. हे टॅक्सीचं दार धरून उभे होते आणि त्यांची नजर त्या पोरांच्या ताटल्यांवर. काही बोलले नाहीत हो. माझ्यासाठी गप्प उभे होते. मी बॅग खाली ठेवली. तेव्हा ह्यांना इतकं बरं वाटलं ना..." त्या थांबल्या. "मला ते दिसलं, प्रमिला. नसतं दिसलं तर बरं झालं असतं."

 मी वर्तमानपत्र उघडून बसलो होतो ते तसंच धरून राहिलो.

"जोग्जात पाहिलं काय मग, भाभी?" मीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"स्वयंपाकघर पाहिलं. छान आहे. खिडकी मोठी आहे."

बू याती आठव्या दिवशी दुपारी आली, म्हणे. ह्यांच्या टॅक्सीत बॅगा चढत होत्या. मोहिद्दीनभाईंनी तिच्याशी पाच मिनिटं मोठ्या आदराने गप्पा मारल्या आणि मग ते गाडीत भाभींना म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं? बाईला जाण आहे. पुढच्या वेळी ईद सोडून येऊ, इन्शाल्ला."

भाभी इन्शाल्ला म्हणाल्या. पुढची वेळ कुठून येणार हे दोघांनाही माहीत होतं.

फुजैरात परत आल्यावर त्या रात्री दार अजीजने उघडलं. फ्रिजमधलं संपलं होतं, आणि गावाकडून आणखी दोन पोरं व्हिजिट व्हिसावर आली होती; मोहिद्दीनभाईंनीच जोग्जातून फोनवर त्यांना या म्हटलं होतं. भाभींनी हात धुतले आणि पीठ काढलं. त्यानंतर मी त्यांना कधी कुठली मागणी करताना ऐकलं नाही. मोहिद्दीनभाई मात्र भेटेल त्याला जोग्जाची गोष्ट सांगायचे. त्यांच्या गोष्टीत ती जगातली सगळ्यात यशस्वी सहल होती, आणि खोटं ते एक अक्षर सांगत नव्हते. आमच्याकडे एकदा सांगत असताना प्रमिला उठून आत गेली. त्यांनी मला विचारलं, "वहिनींना बरं नाही काय?" मी म्हणालो, डोकं दुखतंय तिचं. मग ते तिच्यासाठी लिंबू आणायला खाली पळाले. असल्या माणसावर रागवायचं कसं हे मला आजतागायत समजलेलं नाही.

सप्टेंबरात त्यांचा व्हिसा संपला. विमानतळावर सोडायला इतकी माणसं आली होती की सुरक्षारक्षकाने कोणी मंत्री चाललाय का म्हणून विचारलं. मोहिद्दीनभाई प्रत्येकाला मिठी मारून रडत होते. भाभी ट्रॉलीजवळ उभ्या होत्या, पासपोर्ट हातात घेऊन, आणि त्यांना काही विचारलं तर हसत होत्या.

गावी गेल्यावर मोहिद्दीनभाईंनी घराच्या मागच्या अंगाला चार खोल्या बांधल्या आणि पुण्या-मुंबईच्या पर्यटकांना राहायला द्यायला सुरुवात केली. शनिवार-रविवारी जागा मिळत नाही. स्वयंपाकाला बाई ठेवलेली नाही.